मिरचीचा आकार आणि मिरचीचे नाव

वनस्पतीला नाव देण्याचा पहिला मान शास्त्रज्ञाला क्वचितच मिळतो. पिकवणारा, विकणारा आणि रांधणारा यांनी ते काम बहुधा आधीच उरकलेले असते. मिरचीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते. ‘मिरची’ हे नावच मुळी उसने आहे. काळ्या मिऱ्यांना संस्कृतात ‘मरिच’ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेतील हे फळ गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले, आणि तिखटपणाच्या साम्यामुळे मिऱ्यांचेच नाव त्याला चिकटले. पुढे त्याचे नाना प्रकार शेतांतून दिसू लागले, तेव्हा ते एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची गरज भासू लागली. प्रत्येक मिरची जिभेवर ठेवून पाहणे सुखाचे नव्हे. साहजिकच लोकांनी डोळ्यांवर भिस्त ठेवली.

लवंगेएवढी बारीक व तशीच झणझणीत ती लवंगी. फुगीर अंगाची ती ढोबळी किंवा भोपळी. बंगालमध्ये भाताच्या दाण्याएवढ्या मिरचीला ‘धानी’ म्हणतात. तमिळनाडूतील रामनाथपुरमची ‘गुंडू’ आणि सिक्कीमची ‘डल्ले’ या दोन्ही नावांचा रोख फळाच्या गोल आकाराकडेच आहे. कर्नाटकातील ब्याडगी मिरचीचे दोन प्रकार आहेत: लांब व सडपातळ ती ‘कड्डी’, म्हणजे काडी, आखूड व भरदार ती ‘डब्बी’, म्हणजे डबी. मराठी कानाला या दोन्ही शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

सगळ्याच भाषा मात्र आकाराकडे पाहत नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसत आली आहेत. रायपूरच्या पंडरीसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी गृहिणीला ढोबळी मिरची हवी असली, तर भाजीवाल्याकडे ‘शिमला मिर्च’ मागावी लागते. फळ एकच; मराठीने त्याचे अंग पाहिले, हिंदीने त्याचा गाव सांगितला. इंग्रजाला त्याच फळात घंटा दिसली.

आता शास्त्रज्ञांनी काय केले ते पाहू. मिरचीच्या कुळाचे ‘कॅप्सिकम’ हे नाव काहींच्या मते ‘चावणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून, तर काहींच्या मते ‘पेटी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. दुसरे मत खरे मानले, तर ते नाव आणि कानडी ‘डब्बी’ यांमागची कल्पना एकच ठरते. लिनीअसने १७५३ मध्ये दोन प्रजाती सांगितल्या आणि १७६७ मध्ये आणखी दोन जोडल्या. त्यांपैकी एकीचे नाव ‘ग्रॉसम’, म्हणजे जाड. आपली ढोबळीच ती! अमेरिकेतील मिसूरी वनस्पती उद्यानात एच. सी. आयरिश यांनी १८९८ मध्ये बागायती मिरच्यांची नव्याने मांडणी केली. त्यांच्या यादीत चेरीसारखी, शंकूसारखी, लांब, टोकदार, आखूड, जाड आणि झुबक्याने लागणारी असे गट होते. १९२३ मध्ये एल. एच. बेली यांनी तर सर्व लागवडीच्या मिरच्या एकाच प्रजातीत घातल्या आणि त्यांचे पोटभेद मुख्यतः फळाच्या रूपावरूनच पाडले.

ही व्यवस्था सोयीची होती, परंतु नाती जुळवण्यास अपुरी होती. पॉल स्मिथ आणि चार्ल्स हायझर यांनी १९५१ मध्ये संकराच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की लागवडीत असलेल्या मिरच्यांत ॲनम आणि फ्रुटेसेन्स या दोन स्वतंत्र प्रजाती आहेत. आज लागवडीतील पाच प्रजाती मानल्या जातात, आणि त्या ओळखताना फळापेक्षा फुलाकडे अधिक पाहिले जाते: पाकळ्या पांढऱ्या की हिरवट, त्यांवर पिवळे डाग आहेत की नाहीत, फूल जांभळे आहे का, देठाशी फळ आवळलेले आहे का. या कसोटीवर ढोबळी, ब्याडगी आणि संकेश्वरी या एकमेकींशी मुळीच न दिसणाऱ्या मिरच्या सख्ख्या बहिणी ठरतात, तिघीही ॲनमच. उलट, जवळजवळ ठेवलेल्या दोन चिमुकल्या, आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्या निरनिराळ्या प्रजातींच्या असू शकतात.

असे का व्हावे? रानटी मिरचीचे फळ लहान, उभे आणि पिकताच सहज गळून येणारे असते. पक्षी ते खातात व बी दूरवर टाकतात. मिरचीचा जाळ त्यांना जाणवत नाही. माणसाने मात्र देठाला घट्ट राहणारी, मोठी, पानांआड लोंबणारी फळे निवडली आणि त्यांचेच बी राखले. कोणी भरण्यासाठी पोकळ फळ पसंत केले, कोणी वाळवण्यासाठी पातळ सालीचे. मिरचीचे आकार म्हणजे या निवडीची नोंद होय. म्हणूनच एका प्रजातीत इतकी रूपे आढळतात.

तिखटपणाचा हिशेबही आकारावरून मांडता येत नाही. तो कॅप्सेसिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये बियांत नव्हे, तर बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतात. लहान मिरची तिखट, हा आडाखा बऱ्याच वेळा खरा ठरतो. पण तो आडाखा आहे, नियम नव्हे.

हा विषय केवळ विद्वानांचा नाही. ब्याडगी मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे मोल तिच्या गडद रंगात, सौम्य तिखटपणात आणि सुरकुतलेल्या सालीत आहे. पण गिऱ्हाईक तिला ओळखते ते रूपावरून. आणि रूप तर संकरित वाणालाही देता येते. तशाच सुरकुत्यांची, अधिक उत्पन्न देणारी मिरची त्याच नावाने ढिगात मिसळली, की अस्सल वाण जपणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळेनासा होतो. भाव नसलेले बी पुढल्या वर्षी पेरले जात नाही. काही वर्षांत नाव तेवढे बाजारात उरते आणि वाण शेतातून नाहीसा होतो. संकेश्वरी व भिवापुरी यांसारख्या स्थानिक मिरच्यांनाही हाच धोका आहे.

तेव्हा आकारावरून पडलेली नावे टाकून द्यावीत असे नाही. स्वयंपाकघरात आणि मंडईत त्यांच्याइतकी उपयोगी नावे दुसरी नाहीत. मात्र ती आपल्याला फळाचे रूप सांगतात, कूळ सांगत नाहीत. कूळ राखावयाचे तर बी राखले पाहिजे. शेतकरी कुटुंबातील ज्या हातांनी दरवर्षी चांगले फळ बियाण्यासाठी बाजूला काढले, त्यांनीच हे आकार घडवले आहेत. त्या हातांना त्यांच्या वाणाचा योग्य मोबदला मिळाला, तरच लवंगी, कड्डी आणि डब्बी ही नावे खऱ्या मिरच्यांची नावे म्हणून पुढच्या पिढीच्या ओठी राहतील.