न दुखणारे पाय
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यान)

आरती झाल्यावर डॉक्टरचं ऐकायला थांबलात, त्याबद्दल आभार. पोहे-जिलबी बंद करा, हे सांगायला मी आलेलो नाही. ते घरी रोज कुणीतरी सांगतंच. मी पायांबद्दल बोलणार आहे.

माझ्याकडे एक काका आले. मधुमेह जुना. "पाय एकदम झकास, काही दुखत नाही," म्हणाले. मोजा काढला तर तळव्यात टाचणी रुतलेली! कधी रुतली, त्यांना पत्ता नाही. न दुखणं हाच त्यांचा आजार होता.

आपल्या नसांत जाड तंतू असतात, ते कंपन आणि स्पर्श कळवतात. बारीक तंतू ऊन-गार आणि वेदना कळवतात. या बारीक तंतूंच्याच भावकीतले काही तंतू घाम, हृदयाचे ठोके, रक्तदाब सांभाळतात. ती स्वायत्त चेतासंस्था. मधुमेहात या सगळ्यांनाच इजा होऊ शकते. मग पायाला घाम येत नाही, टाचा भेगाळतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता येतो.

हे तपासायला सुई नको, रक्त नको. डोळे मिटायचे. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात. 10 ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. तेवढा स्पर्श कळला पाहिजे. मग 128 हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळतं का, ते विचारतात. गार-गरम ओळखण्यासाठी यंत्रही असतं: त्वचेवरची पट्टी हळूहळू तापते किंवा गार होते, जाणवलं की बटण दाबायचं. ही तपासणी महत्त्वाची, कारण विजेच्या झटक्यांनी नसांचा वेग मोजणारी नेहमीची चाचणी जाड तंतूंचीच असते. बारीक तंतू बिघडले तरी तिचा अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो.

याच्या जोडीला रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांनी पुढे बघायला हवं.

घरीही एक चाचणी करता येते, इंग्लंडमधल्या इप्सविचची. आजोबांनी डोळे मिटायचे. नातवाने दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला बोट एक-दोन सेकंद अलगद टेकवायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडे जायचं.

गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ती गेली आहे हे कळलं, तर पाय वाचवता येतो. रोज रात्री तळवे बघा. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने अजमावा. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत, मधुमेही मंडळींनो, चपला घालून या. बाप्पा रागावणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!