फळीखालचा घाट



आपल्या वर्गात बसून कर्जत स्टेशनचे भोंगे ऐकू यायचे, आठवतंय? पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागायची, कारण घाटाची चढण ३७ फुटांना १ फूट. माझे बाबा त्या बँकरवर ड्रायव्हर होते. आता त्यांना दिसत नाही.

म्हणून मी १:८७ मापाचा घाट केला, तोही ऐकण्यासाठी. एवढ्याशा इंजिनात मावणाऱ्या स्पीकरमधून भोंगा निघतो, घरघर निघत नाही. मोठा स्पीकर फळीखाली लावला, तरी आवाज पोकळच. मागून निघणारी ध्वनिलहर पुढचीला खोडत होती. बंद खोक्यात बसवल्यावर फळी थरथरली. खर्जाची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे गाडी फिरली तरी एकच स्पीकर पुरला.

बाबांनी फळीवर हात ठेवला. म्हणाले, "अगं, बँकर कुठाय?"

मी पुढचंच इंजिन वाजवत होते! मग बँकरची घरघर मिसळली, सूर किंचित वेगळा ठेवून.

"हां, आता गाडी चढेल."

घरी या कधीतरी. डोळे मिटून ऐका.