अंधाराचें धन

सामान्य मनुष्य पौर्णिमेची वाट पाहतो. आकाशाचा छांदिष्ट मात्र पंचांग उघडून आधीं अमावास्या शोधतो. तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दूरच्या दीर्घिका चांदण्यांत फिक्या पडतात. त्यांचें खरें दर्शन काळोख्या रात्रींच घडतें. महाराष्ट्रांत हा छंद जुना आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं स्थापन झाली. पुढें मुंबईच्या खगोल मंडळाचे सभासद शहराचा झगमगाट मागें टाकून वांगणीस रात्री जागवूं लागले.

या मंडळींचा मोठा सण मार्चअखेरच्या सुमाराच्या अमावास्येस येतो. शार्ल मेसिए हा फ्रेंच ज्योतिषी धूमकेतूंच्या शोधांत असतां त्याला धूमकेतूसारखे भासणारे, परंतु जागा न सोडणारे अंधुक ठिपके आढळत. फसगत टळावी म्हणून त्यानें त्यांची यादी केली. १७८१ सालीं तींत १०३ नोंदी होत्या. मागाहून भर पडून त्या ११० झाल्या. या दिवसांत सूर्याचें स्थान असें असतें, कीं यादींतील जवळजवळ सर्व वस्तु एकाच रात्रींत पाहतां येतात.

संधिप्रकाश सरतांच मीन राशींतील ७४ व्या क्रमांकाची दीर्घिका गांठावी लागते, कारण ती लवकरच मावळते. मग मृगांतील तेजोमेघ, पुष्यांतील तारकागुच्छ असा क्रम चालतो. मध्यरात्रीच्या सुमारास कन्या राशींतील दीर्घिकांची दाटी समोर येते. तेथून निघालेला प्रकाश सुमारें पांच कोटि वर्षें वाट चालत आलेला असतो. उजाडण्यापूर्वीं मकरेंतील ३० वा क्रमांक साधला, तर रात्रीचें सार्थक झालें.

येथें शिस्त कडक असते. डोळे काळोखास सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो आणि एका पांढऱ्या दिव्यानें ती कमाई क्षणांत वायां जाते. म्हणून नकाशा वाचावयास मंद तांबडा दिवा वापरतात. अंधुक दीर्घिकेकडे सरळ न पाहतां किंचित् बाजूस पाहावें, असें नवख्यास शिकविलें जातें. कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूंत नसून त्याच्या भोंवतीं असतात.

परंतु ही विद्या शिकवावयास काळोख तर हवा! शहरें वाढत आहेत, आणि त्यांचा उधळलेला उजेड दूरच्या गांवांचें आकाशही धुऊन टाकीत आहे. ज्या मुलानें आकाशगंगा कधीं पाहिलीच नाहीं, त्याला ती हरपल्याचें दुःख तरी कसें व्हावें? सुदैवानें उपाय महाग नाहीं. दिव्यास झांकण घालून त्याचा झोत जमिनीकडे वळविला, आणि गरज नसेल तेव्हां तो मालविला, तर रस्ता उजळतो व आकाशही वांचतें. पेंचच्या व्याघ्रप्रकल्पास २०२४ च्या जानेवारींत भारतांतील पहिलें काळोखी आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती तेथील अंधार जपल्यामुळेंच.

येत्या अमावास्येस गच्चीवरील दिवा घटकाभर मालवून मुलांना आकाश दाखविलें, तरी या कार्यास आरंभ होईल.