हल्ली मुक्काम भिलाई
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



छत्तीसगढात चार-पाच पिढ्या राहिलेल्या मराठी घरात मूळपुरुषाची चौकशी केली, तर उत्तर बहुधा एकच मिळते : "आम्ही बिंबाजीबरोबर आलो." आमच्याही घरी तेच होते. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत एक गंजलेली तलवार मांडली जाई, आणि ती बिंबाजीच्या फौजेतली, असे आजोबा सांगत. त्या तलवारीमुळे आळीत आमचा मान थोडा वाढत असे, हे कबूल केले पाहिजे.

बिंबाजी ही काही दंतकथा नव्हे. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडील स्वारीवर जाताना रतनपुरावर चालून आले आणि तेथील हैहयवंशी राजा रघुनाथसिंह शरण गेला. पुढे १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून स्वतः कारभार पाहू लागले, ते १७८७ साली निधन होईपर्यंत. तेथील टेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. त्यांच्या दरबारामुळे मोडी लिपी या मुलखात रुजली. तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली घराणी येथे खरोखरच आहेत. प्रश्न इतकाच, की सगळीच कशी असतील?

हा मोह केवळ आपल्यालाच होतो असे नाही. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून शंभरावर माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यास लागली. त्यांच्या मागून १६३० नंतर प्युरिटन पंथाची हजारो कुटुंबे मॅसॅच्युसेट्समध्ये उतरली. आज तिकडे अनेकांना आपला पूर्वज त्या पहिल्या जहाजातलाच हवा असतो. मात्र त्या जहाजाच्या वंशजांची संस्था कोणाच्या शब्दावर विसंबत नाही. प्रत्येक पिढीगणिक जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे पुरावे मागते. त्यांच्याकडे चर्चच्या नि गावोगावच्या नोंदवह्या आहेत. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया या क्षेत्री गेलेल्या यजमानाने आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव लिहून खाली सही करावी, अशी रीत. वह्यांची लावणी आडनावावर आणि मूळ गावावर असते. म्हणून शोधास निघणाऱ्याने आधी मूळ गाव निश्चित करावे. आडनावातून ते कळले नाही, तर कुलदैवत कोणते, यावरून निदान दिशा कळते. मोडी वाचणारा एक माणूस बरोबर न्यावा. आम्ही पहिल्या खेपेस तो नेला नव्हता, आणि पणजोबांच्या सहीकडे नुसते पाहत बसलो.

दुसऱ्या खेपेस त्र्यंबकेश्वरी दोन नोंदी वाचून मिळाल्या. पहिली शके १७८३ ची, म्हणजे इ. स. १८६१ ची, खापरपणजोबांच्या हातची. तीत मूळ गावानंतर स्पष्ट लिहिले होते : 'हल्ली मुक्काम नागपूर'. दुसरी शके १८१३ ची, पणजोबांची : 'हल्ली मुक्काम रायपूर, धंदा नोकरी'. बिंबाजी जाऊन तेव्हा शंभर वर्षे उलटली होती. नागपूरचे राज्य १८५४ सालीच खालसा झाले होते. नागपूरहून आगगाडी १८८२ साली राजनांदगावपर्यंत पोचली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग रायपूर-बिलासपुराकडे वाढविला. आमचे पणजोबा घोड्यावरून आले नव्हते. बहुधा तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून आले होते.

खरे सांगायचे तर घरी परतताना आम्ही खट्टू होतो. वडिलांना हे सांगावे की नाही, यावर दोन दिवस खल झाला. सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तलवार मग कोणाची रे?" त्याचे उत्तर आजही आमच्याजवळ नाही.

पण लेखणी घेऊन आलेल्यांना कमी का लेखावे? १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. यांपैकी कोणाचीही ओळख तलवारीवरून होत नाही. आणि भिलाईत आलेले आपण तर ट्रंक, वळकटी नि नेमणुकीचे पत्र घेऊन आलो. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. त्या सुमारास आलेल्यांची नेमणूकपत्रे, क्वार्टरच्या चाव्यांच्या पावत्या कितीशा घरांत उरल्या आहेत? आमच्या घरची तर घर बदलताना रद्दीत गेली. मोडीतल्या सह्या दीडशे वर्षे टिकल्या, आणि टंकलिखित पत्र साठ वर्षेही टिकले नाही.

वह्यांत एक उणीव आम्हांस फार जाणवली. पाच पिढ्यांचे पुरुष सापडले; पणजी कोणत्या गावची, हे सापडले नाही. लेकी तर एका ओळीतही नव्हत्या. निघताना उपाध्यायांनी वही पुढे केली आणि आमची नोंद लिहावयास सांगितली. आम्ही 'हल्ली मुक्काम भिलाई' लिहिले, मुलाचे नाव लिहिले, आणि त्याखाली दोन्ही मुलींची. उपाध्याय म्हणाले, "मुली सासरच्या वहीत जातात." आम्ही म्हटले, "तिथेही जाऊ देत." त्यांनी क्षणभर विचार केला, चष्मा पुसला, आणि दोघींच्या नावांपुढे सासरचे गाव लिहिण्यापुरती जागा बोटाने दाखवली.