उसातली भीती आणि घरातली भीती: 'लपाछपी'

आजचा एपिसोड एका मराठी सिनेमावर. 'लपाछपी', जुलै २०१७, दिग्दर्शक विशाल फुरिया. आला भयपट म्हणून, पण माझ्यासाठी तो मनाशी खेळणारा थ्रिलर आहे. आणि तो पूजा सावंतनं जवळजवळ एकटीनं ओढून नेलाय.

गोष्ट साधी. नेहा आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, म्हणून दोघं ड्रायव्हरच्या गावी लपायला येतात. घर कुठं, तर उसाच्या मधोमध! तिथं तिला लहान मुलं दिसायला लागतात. फक्त तिलाच.

आता आपण जुन्नर-आंबेगावची माणसं. उसाला का घाबरायचं हे आपल्याला कुणी सांगायला नको. धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि त्यात बिबट्या राहायला आला. पिल्लंसुद्धा तिथंच. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, म्हणजे बघा. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जाताना आपण मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावतो. वारा आला तर सगळा फड हलतो. पण एकाच सरीत पाचट वाजलं, की पाय जागेवर थांबतो. बरोबर ना?

'लपाछपी' हीच भीती वापरतो. ऊस काहीच दाखवत नाही. जे काही कळतं, ते पूजाच्या चेहऱ्यावरून. 'दगडी चाळ'मधली ती हसरी सोनल विसरा. इथं पोट सांभाळत उसातून पळणारी बाई आहे, आणि तिचा श्वास हेडफोनमध्ये ऐकताना आपलाही वाढतो. समोर उषा नाईक यांची तुळसाबाई. माया करते की पहारा देते, तेच कळत नाही.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की खरी भीती उसात नाही, घरात आहे. ती मुलगाच हवा या हट्टाची आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्येच कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. २००१ मध्ये ९१३ होत्या, म्हणजे आणखी कमी झाल्या.

मला एक गोष्ट टोचते. 'बिबट्या दिसला' अशी हाक आली, की अख्खी वाडी काठ्या-बॅटऱ्या घेऊन जमते. कुणी पुरावा मागत नाही. पण घरातली सून म्हणाली, 'मला इथं भीती वाटते', तर? 'तुला भास होतायत, झोप आता.' नेहाच्या डोळ्यांत मला तीच सून दिसते.

२०२१ मध्ये याचाच हिंदी 'छोरी' आला. तोही बघा, पण आधी आपला मराठी. आणि जमलं तर एकट्यानं नको, घरच्यांना शेजारी बसवून बघा. भेटू पुढच्या एपिसोडला!