संगणकाचे दप्तर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटेल की हा संगणक शिकणाऱ्या मुलांचा विषय. आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो अगदी घरचा आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्याची मुदत आज रात्री संपणार असते. उत्पन्नाचा दाखला फोनमध्ये आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. पण कोणाच्या फोनमध्ये, कोणत्या नावाने, हे कोणालाच सांगता येत नाही. वडील कुवेतला किंवा दुबईला, आई गावी, मुलगा वसतिगृहात. आणि दाखला तिघांपैकी एकाच्या फोनमध्ये हजारो फोटोंच्या गर्दीत पडलेला! दाखला हरवलेला नसतो, पण वेळेवर सापडत नाही. आणि वेळेवर न सापडलेला कागद असून नसल्यासारखाच.

हे टाळायचे असेल तर संगणक आपल्या पोटात माहिती कशी ठेवतो, हे थोडेसे समजून घेतले पाहिजे. मोबाइल फोन हाही एक संगणकच आहे, म्हणून मी जे सांगणार आहे ते दोघांनाही लागू पडते.

'दप्तर' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इतका रुळला की मुलाच्या पाठीवरच्या पिशवीलाही आपण दप्तरच म्हणतो. पुण्याचे पेशवे दप्तर आपण ऐकून असाल. त्यातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले. पेशवाई १८१८ साली संपली. पण त्या कागदांतून निवड करून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंड प्रसिद्ध झाले ते १९३० ते १९३४ या काळात. कागद शंभर वर्षे जागेवर होतेच. मग मधल्या काळात काय कमी होते? कोणत्या रुमालात काय आहे, हे सांगणारी सोय. दप्तर म्हणजे नुसता कागदांचा ढीग नव्हे. कागद आणि कागदांची नोंद, ही दोन्ही मिळून दप्तर होते. संगणकाचेही तसेच आहे.

प्रथम कागदाकडे, म्हणजे प्रत्यक्ष माहितीकडे पाहू. संगणकाला अक्षर कळत नाही, चित्र कळत नाही, आवाजही कळत नाही. त्याला फक्त दोन खुणा कळतात: शून्य आणि एक. अशा एका खुणेला बिट म्हणतात व आठ बिटांचा एक बाइट होतो. आठ जागांवर शून्य आणि एक निरनिराळ्या रीतीने मांडले तर २५६ प्रकार होतात. इंग्रजीची सारी अक्षरे, अंक व विरामचिन्हे त्यात सहज बसतात. म्हणून इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देण्यासाठी युनिकोड नावाची पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आपल्या 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. एवढा मोठा क्रमांक एका बाइटात मावत नाही. आज सर्वत्र रूढ असलेल्या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशा चार खुणा आहेत. म्हणजे बारा बाइट झाले. त्याच अर्थाचा सहा अक्षरी इंग्रजी शब्द सहा बाइटांत मावतो. विद्यार्थी मित्रहो, हा हिशेब घरी जाऊन स्वतः ताडून पाहा.

अशा बाइटांचा एक समूह करून त्याला नाव दिले की त्याला फाइल म्हणतात. पत्र ही एक फाइल, फोटो ही एक फाइल, गाणे हीसुद्धा एक फाइलच. आता ही फाइल ठेवायची कोठे? आयबीएम कंपनीने १९५६ साली चकत्यांवर माहिती साठवणारे यंत्र बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. एवढ्या मोठ्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज नखाएवढ्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डात त्याच्या सहा हजार पटींहून अधिक मजकूर राहतो. जागा वाढली, पण ठेवण्याची रीत मुळात तीच राहिली.

ती रीत अशी. साठवणीच्या जागेचे सारख्या आकाराचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. एक कप्पा बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. ३ एमबीचा एक फोटो ठेवायला असे ७६८ कप्पे लागतात. हे कप्पे एकमेकांना लागूनच असतील असे नाही. जेथे मोकळे सापडतील तेथे तुकडे ठेवले जातात. मग कोणता तुकडा कोणत्या कप्प्यात आहे हे लक्षात कोण ठेवणार? त्यासाठी संगणक एक नोंदवही ठेवतो.

आपल्या शाळेतील उदाहरण घ्या. मूल शाळेत दाखल झाले की जनरल रजिस्टरात त्याची नोंद होते आणि त्याला एक नंबर मिळतो. पाचवीत त्याचा हजेरी क्रमांक १२ असेल, सहावीत ३१ होईल, तुकडी बदलेल; पण जनरल रजिस्टरचा नंबर बदलत नाही. शाळा सोडल्याचा दाखला लिहितानाही तोच नंबर पाहतात. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची संगणक-व्यवस्था उभी केली. तिच्यात नेमके असेच आहे. प्रत्येक फाइलीला एक नंबर असतो. त्या नंबरापुढे फाइलीचा आकार, तारखा व तिचे कप्पे यांची नोंद असते. फाइलीचे नाव मात्र तेथे नसते! ते फोल्डरमध्ये असते. फोल्डर म्हणजे आपल्या वर्गाचा हजेरीपट समजा: एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर. आपल्या अँड्रॉइड फोनचा पाया याच घराण्यातला आहे.

पडद्यावर पिवळ्या पाकिटाचे चित्र दिसते म्हणून आपल्याला वाटते की फोल्डर ही एक पेटी असून फाइल तिच्या आत ठेवलेली आहे. हे चित्र कचेरीतील कामाची सवय असलेल्या लोकांच्या सोयीसाठी काढलेले आहे. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ च्या 'स्टार' यंत्रावर ते बाजारात आले. प्रत्यक्षात फोल्डर ही एक यादी आहे. एका यादीत दुसऱ्या यादीचे नाव, तिच्यात तिसरीचे, अशी ही झाडाच्या फांद्यांसारखी रचना असते. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये १९८१ साली अशा फांद्या नव्हत्या. सगळ्या फाइली एकाच यादीत असत. फांद्यांची सोय १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

याची खात्री पटवणारा एक प्रयोग सांगतो. संगणकावर दोन जीबीचा चित्रपट एका फोल्डरातून काढून त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरात टाका. काम क्षणात होते. आता तोच चित्रपट पेन ड्राइव्हवर टाका. काही मिनिटे थांबावे लागते. असे का? पहिल्या वेळी चित्रपट जागचा हललाच नाही. फक्त एका हजेरीपटातून त्याचे नाव काढून दुसऱ्यात लिहिले. दुसऱ्या वेळी एकेक बाइट उचलून न्यावा लागला. म्हणूनच पेन ड्राइव्ह घाईने उपटू नये. माल पोचला, पण नोंद अर्धवट राहिली, तर सारी फाइल वाया जाते.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. फाइल पुसली म्हणजे काय होते? कचऱ्याच्या टोपलीत टाकलेली फाइल तर फक्त यादी बदलते. पण टोपली रिकामी केली तरी साध्या मेमरी कार्डावर काय घडते? नोंदीतील नावाच्या पहिल्या जागी एक खूण केली जाते आणि तिचे कप्पे 'मोकळे' म्हणून लिहिले जातात. कप्प्यांतील मजकूर तसाच राहतो. मुलाचे नाव पटावरून कमी केले, पण बाकावर दुसरे मूल येईपर्यंत पहिले तेथेच बसून आहे, असा हा प्रकार आहे!

यातून दोन गोष्टी निघतात. लग्नाचे फोटो कार्डावरून चुकून पुसले गेले, तर त्या कार्डावर नवीन एकही फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून जाणकाराकडे द्या. परत मिळण्याची आशा असते. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. जुने कार्ड किंवा पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देताना 'मी सगळे पुसले आहे' यावर विसंबू नका. घरच्या स्त्रियांचे फोटो, आधारची प्रत, बँकेचे कागद त्यातून पुन्हा निघू शकतात. कार्ड विकून मिळणारे पैसे थोडे. ते मोडून टाकलेले बरे. नव्या फोनच्या आतील साठवण वेगळी आहे. तेथे माहिती सांकेतिक रूपात ठेवलेली असते आणि फॅक्टरी रीसेट केला की तिची किल्लीच नष्ट होते. म्हणून फोन विकण्यापूर्वी आतील कार्ड काढून घ्यावे आणि रीसेट अवश्य करावा. मात्र आपल्याला हवी ती माहिती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी, कारण त्यानंतर ती आपल्यालाही मिळत नाही.

विद्यार्थ्यांची एक नेहमीची अडचणही याच विषयातली आहे. फॉर्मसाठी पीडीएफ मागितलेली असते, आपल्याकडे जेपीजी फोटो असतो. मग कोणी तरी सुचवतो की नावाच्या शेवटी पीडीएफ लिही म्हणजे झाले. तसे होत नाही. पीडीएफ फाइलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व पी-डी-एफ ही अक्षरे असतात. जेपीजी फोटोचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६ असतात. नाव बदलल्याने आतील बाइट बदलत नाहीत. हजेरीपटावर नाव बदलले म्हणून बाकावरचे मूल बदलते का? फाइलीचा प्रकार खरोखर बदलायचा असेल तर ती योग्य साधनाने रूपांतरित करावी लागते.

आता आपण काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, नाव द्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख व एक क्रमांक असतो. तो कोणाचा कोणता कागद आहे, हे त्यात नसते. डॉसच्या काळी नावाला आठ अक्षरांचीच मर्यादा होती. विंडोज ९५ पासून ती अडचण उरलेली नाही. तेव्हा मुलाचे नाव, कागदाचे नाव आणि तारीख, असे पूर्ण लिहा. तारखेत आधी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दिवस ठेवा. म्हणजे एकाच कागदाच्या दरवर्षीच्या प्रती आपोआप क्रमाने लागतात.

दुसरे, फांद्या थोड्या ठेवा. 'घरचे कागद' असा एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक माणसाच्या नावाचा एकेक. एवढे पुरे आहे. फांदीला फांदी फुटत गेली की शेवटी आपणच तिच्यात अडकतो.

तिसरे, महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो. एक ध्यानात घ्या: फोन आणि इंटरनेटवरील खाते एकमेकांशी जोडलेले असेल, तर फोनवर पुसलेला फोटो तेथूनही पुसला जाऊ शकतो. तेव्हा त्याला निराळी प्रत समजू नका.

चौथे, सरकारचे डिजिलॉकर २०१५ सालापासून आहे. मंडळाने किंवा खात्याने थेट त्यात दिलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः फोटो काढून तेथे चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही. हा फरक विसरू नका. आणि दाखला व्हॉट्सॲपने पाठवायचा तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर अक्षरे पुसट होतात.

पालकांना एक शेवटची विनंती. हे काम मुलांवर सोपवा, पण एकदा त्यांच्याजवळ बसा. कोणता कागद कशाचा, तो कोठून मिळाला, कोणत्या कामाला लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. फाइलीला नाव कसे द्यायचे, हे त्यांना माहीत आहे. दोघांचे ज्ञान एकत्र आले तर एका संध्याकाळी घरचे दप्तर लागते. संगणकाला दहावीची गुणपत्रिका आणि गंमत म्हणून आलेले चित्र यांत काहीच फरक दिसत नाही. दोन्ही त्याच्या लेखी शून्य आणि एकच. त्यातला मोलाचा कागद कोणता, हे त्याला नावातून व जागेतून आपणच सांगायचे असते. ते काम येत्या सुट्टीत उरकून घ्या, फॉर्मच्या शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.