ऑइल इंजिन आणि आपण

(अँटॉप हिल, मुंबई येथे गावाकडच्या नोकरदार मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी छापला आहे.)



कापसाच्या बैठकीत इंजिनाचे काय काढले, असे कोणी म्हणेल. आपण बसलो आहोत त्या अँटॉप हिलच्या एका अंगाला माटुंग्याची व्हीजेटीआय आहे. दुसऱ्या अंगाला, वडाळ्यापासून दोन स्टेशनांवर, कॉटन ग्रीन आहे. इंजिनवाल्यांचा इतिहास या दोन ठिकाणांना धरूनच सांगता येतो.

कॉटन ग्रीनला तुमच्या-आमच्या बापजाद्यांचा कापूस येऊन पडत असे. त्या कापसावर उभ्या राहिलेल्या एका कंपनीचे नाव आजही ग्रीव्ह्ज कॉटन आहे. १८५९ साली जेम्स ग्रीव्ह्ज आणि जॉर्ज कॉटन या दोन इंग्रजांनी ती मुंबईत काढली. नावातला ‘कॉटन’ हे भागीदाराचे आडनाव, पण धंदाही कापसाचा आणि गिरण्यांचाच होता. १९४७ साली ती लाला करमचंद थापर यांच्याकडे गेली. पुढे तिने डिझेल इंजिनांचा धंदा वाढवला. आपल्या गावच्या रस्त्याला धावणाऱ्या कितीतरी तीनचाकी रिक्षांत तिचे एका सिलिंडरचे इंजिन बसले, तेही औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) बनलेले. २०१८ साली तिने विजेच्या स्कूटरची अँपिअर ही कंपनी घेतली. कापूस, मग डिझेल, मग बॅटरी. जिथे पैसा दिसला तिथे भांडवल गेले. कापूस पिकवणाराला मात्र असे उठून जाता येत नाही. त्याची जमीन जिथे आहे तिथेच आहे.

आता व्हीजेटीआय. ही संस्था १८८७ची, तेव्हा ती भायखळ्याकडे होती. माटुंग्याला १९२३ साली आली. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे मास्तर यंत्रांचे ड्रॉइंग शिकवत. आधी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला आले होते; पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले, म्हणून रंग सुटले आणि रेघा राहिल्या. बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला गेले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान होते. मग कडबा कापायचे यंत्र आले, मग १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. नांगर दोन वर्षे तसेच पडून राहिले, असे सांगतात. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला. त्यावर किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि साप यांचा तो माळ, आपल्यापैकी कोणी फुकट घेतला नसता.

ज्वारीच्या कडब्यावर आणि काळ्या रानाच्या नांगरटीवर या घराण्याचे पाय उभे राहिले. त्यांचे पहिले गिऱ्हाईक बागाईतदार असो की कोरडवाहू, तो शेतकरीच होता.

इंजिन आले ते पुढच्या पिढीत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने १८९७ साली आउग्सबुर्गला आपले इंजिन चालवून दाखवले. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तसले एक इंजिन भुईमुगाच्या तेलावरही चालले होते. आपल्याकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात, तोही नांगरांचाच, १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार झाले. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले प्रीमियर झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन आले होते. त्यांनी १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली. मोट सुटली आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे इंजिन बसले, ती ही वर्षे. राजकोटला लहान लहान कारखान्यांनी इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या हुबेहूब नकला काढल्या. मूळ लिस्टरचे ते मॉडेल १९८७ साली बंद पडले, नकला पुढेही चालू राहिल्या.

१९६२ साली शंतनुरावांनी अमेरिकेच्या कमिन्सबरोबर भागीदारीत पुण्यात कोथरूडला मोठ्या इंजिनांचा कारखाना काढला. ही कमिन्स १९१९ची, इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची. तिचीही सुरुवात शेतकऱ्यांना लहान इंजिने विकूनच झाली. सीयर्स नावाची टपालाने माल विकणारी पेढी ती विकत असे, पसंत नसेल तर परत घेण्याच्या हमीवर. तिकडच्या शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरले आणि परत पाठवले! कंपनी बुडता बुडता वाचली. आज तीच कमिन्स जगभर इंजिने विकते. फलटणसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात तिचे मोठे कारखाने आहेत. अमेरिकेत पिकअप गाड्यांच्या धुराच्या चाचणीवरून झालेल्या खटल्यात २०२३ अखेर तिने १६७ कोटी डॉलरहून जास्त दंड कबूल केला. किर्लोस्करांशी तिची भागीदारी १९९०च्या दशकातच संपली होती.

किर्लोस्करांच्या घरातही वाटण्या झाल्या. २००९च्या वाटणीपत्रावरून भावाभावांतला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. बांधावरची भांडणे आपल्यालाच नवी आहेत असे नाही.

ऑइल इंजिन कंपनीचा आजचा मोठा धंदा जनरेटरचा आहे: मॉल, दवाखाने, मोबाइलचे टॉवर. कागल आणि नाशिकलाही कारखाने आहेत, माल आखाती देशांत आणि आफ्रिकेत जातो. २०१७ साली कंपनीने अहमदाबादची विजेचे पंप करणारी ला-गज्जर ही कंपनी घेतली. म्हणजे शेतकरी डिझेलवरून विजेवर गेला तरी गिऱ्हाईक हातचे जाऊ नये.

यात आम्हाला राग येण्यासारखे काही दिसत नाही. आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर, म्हणून हिशेबाने बोलू. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन भरल्या कामावर तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. एका लिटरात १० युनिट ऊर्जा असते. त्यातला सहावा हिस्सा पाण्यापर्यंत पोचला तर नशीब, बाकी धूर आणि उष्णता. पऱ्हाटीच्या एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर. पन्नास फुटांवरून ते उचलायला चांगल्या पंपाला चार-पाच तास लागतात. डिझेल ९० रुपये धरले तर साडेचारशे रुपये. २०२५-२६चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. बोंडे भरताना दिलेल्या त्या एका पाण्याने एकरी सहा किलो कापूस वाढला की डिझेल सुटले. ज्वारीला बारा-तेरा किलो लागतील. वाळक्या रानात एवढी वाढ कोणाला अवघड वाटेल?

मग अडले कुठे? एक, विहिरीत पाणी नाही. २०२४ साली सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली, सौर पंपही देऊ केले. ज्याला पंप ठेवायला विहीरच नाही त्याच्या पदरात काय पडले?

दोन, तो हमीभाव कागदावर आहे. इंजिनाच्या निर्यातीचे सरकार कौतुक करते. कापसाच्या निर्यातीवर मात्र ५ मार्च २०१२ रोजी रातोरात बंदी घातली गेली, आणि ओरड झाल्यावर सैल केली. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. नेमके आपली वेचणी आणि विक्री चालते ते महिने! गिरणीला स्वस्त कापूस हवा हे समजते. पण इंजिनवाल्यांना जेव्हा पाय रोवायचे होते, तेव्हा परदेशी इंजिनांच्या आयातीला आडकाठी होती. तेव्हा सरकारला भाव वाढण्याची भीती वाटली नाही. शंतनुराव लायसन्स आणि नियंत्रणांविरुद्ध आयुष्यभर उघड बोलले. १९९१ नंतर कारखानदारांची ती बेडी बरीचशी सुटली. आपली सुटलेली नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांनी चार ओळी लिहून आणाव्यात: विहिरीतले पाणी किती फुटांवर, एका एकराला किती तास, किती डिझेल, आणि शेजाऱ्याला भाड्याने दिले असेल तर तासाला काय घेतले. ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनी जवळच्या नाल्यात किंवा शेततळ्यात दसऱ्यानंतर पाणी किती दिवस टिकते ते लिहावे. आणि सगळ्यांनी कापसाच्या विक्रीच्या पावत्या, तारखेसकट.